भांडण दोघांचं, युद्ध हजारोंचं

दोघांच्या भांडणात तिसरा उतरतो, आणि त्याच्यामागून तीनशे येतात. असं का होतं? याचं एक उत्तर नात्यांच्या रचनेत आहे.

दक्षिण सुदानमधले नुएर हे गुरं पाळणारे लोक. मानववंशशास्त्रज्ञ इव्हान्स-प्रिचर्ड यांनी १९४० साली त्यांच्यावर पुस्तक लिहिलं. नुएरांना राजा नव्हता. होत्या त्या एका पूर्वजापासून फुटलेल्या शाखा-उपशाखा. दोन चुलत घराणी आपसांत भांडत, पण दूरच्या शाखेशी वाद झाला की एक होत. शेजारच्या डिंका लोकांशी गाठ पडली, तर एरवी वेगळ्या असलेल्या नुएर शाखाही एकत्र येत. म्हणजे भावकीच फौज उभी करत असे.

मोस्कोना, नन आणि रॉबिन्सन या संशोधकांनी २०२० मध्ये आफ्रिकेतल्या १४५ समाजांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अशी वंशरचना असलेल्या समाजांत संघर्ष जास्त वेळा होतात, मोठे होतात आणि लांबतात, असं त्यांना आढळलं.

पण नातं म्हणजे केवळ वणव्याचं इंधन नव्हे. नुएरांत लग्न कुळाबाहेरच होतं, त्यामुळे शत्रूच्या गोटातही मामा-मेहुणे असतात. खून झाला, तर मारेकरी बिबट्याचं कातडं पांघरणाऱ्या पुरोहिताच्या घरी आसरा घेई. पुरोहित गुरांच्या रूपात भरपाई ठरवून सूड थांबवी.

डिसेंबर २०१३ मध्ये दक्षिण सुदानात यादवी पेटली, ती सत्तेच्या स्पर्धेतून. नेत्यांनी नात्यांची हाक दिली आणि हजारो जीव गेले. म्हणून शांततेची बोलणी करणाऱ्यांनी नेत्यांइतकंच सोयऱ्यांनाही बोलवावं. तिथला सलोखा सोयऱ्यांच्याही हातात आहे.