शहराचे चढउतार कसे ओळखावे?

एखादें शहर भरभराटीला येत आहे कीं उतरणीला लागलें आहे, हें ओळखण्याची सोपी खूण म्हणजे तेथील माणसांची संख्या, असा सर्वसाधारण समज आहे. माणसें वाढलीं तर शहर चढलें, घटलीं तर पडलें! परंतु मुंबई बेटाच्या इतिहासाशीं हें सरळ गणित ताडून पाहिलें तर तें फसतें. या बेटाची वस्ती मोजणींत अनेकदां घटलेली आढळते. त्यांतील तीन प्रसंग विशेष बोलके आहेत. कारण आंकडा तिन्ही वेळां खालीं आला, पण प्रत्येक वेळीं निराळ्या कारणानें.

१८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें. तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचें मोल आलें. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या व त्यांच्या भागांवर सट्टा चालला. १८६४ च्या मोजणींत ८,१६,५६२ माणसें भरलीं. पुढच्याच वर्षीं युद्ध थांबलें, कापसाचा भाव कोसळला, पेढ्या बुडाल्या. १८७२ च्या शिरगणतींत आंकडा ६,४४,४०५ वर आला. काम सरलें, तशीं माणसेंहि पांगलीं.

दुसरा प्रसंग प्लेगचा. १८९६ सालीं मांडवी भागांत ही सांथ उद्भवली. १८९१ सालीं ८,२१,७६४ असलेली वस्ती १९०१ सालीं ७,७६,००६ भरली. कोणी दगावले, कोणी कोंकणांत किंवा घाटावर आपल्या गांवीं निघून गेले. काम मात्र सरलेलें नव्हतें. उलट मजूर मिळेनात म्हणून गिरण्यांना रोजच्या रोज मजुरी चुकती करण्याची पाळी आली. येथें माणसें घटलीं, पण मजुराची मागणी वाढली. म्हणूनच सांथीचा जोर ओसरतांच शहर पुन्हा भरलें. १९११ सालीं वस्ती ९,७९,४४५ झाली.

तिसरा प्रसंग अलीकडचा. २००१ सालीं बेटावर सुमारें ३३ लक्ष ३८ हजार लोक होते. २०११ सालीं ते ३० लक्ष ८५ हजारांवर आले. या वेळीं ना सांथ होती, ना पेढ्या बुडाल्या होत्या. त्याच दहा वर्षांत उपनगर जिल्ह्याची वस्ती ८६ लक्षांवरून ९३ लक्षांवर व तत्कालीन ठाणें जिल्ह्याची ८१ लक्षांवरून ११० लक्षांवर गेली. म्हणजे माणसें नाहींशीं झालीं नव्हतीं. तीं सीमा ओलांडून पलीकडे गेलीं होतीं. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपांत सुमारें अडीच लक्ष गिरणी कामगार उतरले होते. पुढें अनेक गिरण्यांचे भोंगे कायमचे थांबले व त्यांच्या जागीं कचेऱ्या आणि उंच इमारती उभ्या राहिल्या. जागेचें मोल वाढलें, आणि अनेक कुटुंबें डोंबिवली, कल्याण, विरार अशा ठिकाणीं राहावयास गेलीं.

तेव्हां लोकसंख्येची साक्ष रोजगाराच्या आंकड्यावांचून अपुरी आहे. पण हा दुसरा साक्षीदारहि जपूनच ऐकावा लागतो. गिरणींतील नोकरी गेलेला कामगार पुढें भाजीची गाडी लावतो किंवा रिक्षा चालवितो. शिरगणतीच्या वहींत तो कामकरीच राहतो. परंतु ठराविक पगार, भविष्यनिर्वाह निधि आणि भरपगारी रजा यांना तो मुकलेला असतो. म्हणून काम किती जणांना आहे, याबरोबरच तें कोणत्या प्रकारचें आहे, हेंहि विचारलें पाहिजे.

तिसरा साक्षीदार म्हणजे महागाई. पहिल्या महायुद्धांत धान्य व कापड महागलें आणि मजुरीवाढीसाठीं संप झाले. मुंबई सरकारनें १९२१ सालीं लेबर ऑफिस स्थापन केलें. मजूर कुटुंबें धान्यावर, कपड्यांवर, सरपणावर व भाड्यावर किती खर्च करतात हें पाहून राहणीच्या खर्चाचा निर्देशांक काढण्यांत येऊं लागला. जुलै १९१४ मधील खर्च १०० धरला होता. ही रीत समजण्यास कठीण नाहीं. मजुरी ५० रुपयांवरून ६० झाली आणि त्याच काळांत निर्देशांक १०० वरून १२५ वर गेला, तर त्या ६० रुपयांत पूर्वीच्या ४८ रुपयांचाच माल येतो. हातीं दहा रुपये अधिक पडले, पण घरांत दोन रुपयांचा जिन्नस कमी आला!

दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत गिरणी कामगारांचा महागाई भत्ता या निर्देशांकाशीं जोडला गेला. तेव्हांपासून हा आंकडा केवळ पंडितांच्या चर्चेचा विषय राहिला नाहीं. तो चुकला तर हजारों घरांतील भाकरी लहान होते. आज औद्योगिक कामगारांचा निर्देशांक केंद्र सरकारचें श्रम ब्यूरो काढतें व त्यासाठीं २०१६ सालचा खर्च १०० धरतें.

मात्र या आंकड्यालाहि मर्यादा आहे. भाडें परवडेना म्हणून विरारला गेलेल्या कुटुंबाचें भाडें कमी होतें. रेल्वेचा पास निर्देशांकांत धरतां येतो. पण आगगाडींत उभ्यानें जाणारे रोजचे तीन तास कोणत्याच बाजारांत विकत मिळत नसल्यामुळें कोणत्याहि निर्देशांकांत येत नाहींत.

म्हणून शहराची स्थिति पारखणाऱ्यानें चार प्रश्न एकत्र विचारावे. माणसें किती, काम कोणतें, त्या कामाच्या मजुरींत काय येतें, आणि ही मोजणी कोणत्या सीमेच्या आंत केली? यांतील एकाच उत्तरावर विसंबणाऱ्याला प्लेग आणि दिवाळें यांतील भेदहि कळणार नाहीं.