ठिबकाखालचे क्षार जातात कुठे?

चीनच्या वायव्येला, तिआनशान पर्वताच्या उत्तर पायथ्याशी शिहेझी नावाचे शहर आहे. वर्षाचा पाऊस 200 मिलिमीटरच्या आसपास, बाकी सगळी भिस्त डोंगरातल्या बर्फाच्या पाण्यावर. 1996 मध्ये इथे कापसाला प्लास्टिकच्या पेपराखालून ठिबकने पाणी देण्याचे प्रयोग सुरू झाले. पाणी वाचले, उत्पादन वाढले आणि ही पद्धत शिनजियांगभर पसरली. आज चीनचा बहुतेक कापूस याच प्रांतात पिकतो.

पण क्षारांचे काय? लिटरमागे अर्धा ग्रॅम क्षार असलेले पाणी जिभेला गोडच लागते. तेच पाणी हंगामात 400 मिलिमीटर दिले, की एकरी सुमारे 800 किलो क्षार रानात येतात. पीक पाणी उचलते. क्षार बहुतांशी मातीतच राहतात.

ड्रिपरखाली माती कांद्याच्या आकारात भिजते. मधला भाग धुऊन निघतो आणि मुळे तिथे सुखाने वाढतात. क्षार ओलीच्या कडेला ढकलले जातात. पेपरामुळे झाडाच्या बुडाशी बाष्पीभवन होत नाही, पण दोन पेपरांमधला उघडा पट्टा तापतो. तिथे ओल वर चढते, पाणी उडून जाते आणि मातीवर पांढरी खपली धरते. पीक मात्र हिरवेगार असते, त्यामुळे नुकसान लवकर लक्षातच येत नाही.

दहा-पंधरा वर्षांनंतर काय होते, याचे उत्तर शेतागणिक वेगळे आहे. काही शेतांत वरच्या थरातले क्षार घटले, काही ठिकाणी वाढले. घटले तिथेही ते बहुधा खाली, ओल संपते त्या थरात जाऊन बसलेले असतात. माझ्या मते सगळी मेख इथेच आहे: ठिबक क्षार हलवते, रानाबाहेर काढत नाही. म्हणून तिथले शेतकरी हिवाळ्यात किंवा पेरणीआधी भरपूर पाणी सोडून जमीन धुतात. निचऱ्याचे चर बुजलेले असतील, तर याच पाण्याने भूजल वर येते आणि क्षारही परततात.

आपल्याकडे ही धुलाई पावसाळा करतो. पण अवर्षणाच्या वर्षी, निचरा नसलेल्या काळ्या रानात, बोअरच्या खारट पाण्यावर मल्चिंग केले असेल तर तो भरवसा धरू नये. माती परीक्षणाचा नमुना ड्रिपरजवळून घेतला तर अहवाल चांगलाच येणार. तो दोन पेपरांमधून आणि दोन फूट खोलीवरूनही घ्यावा. वळिवाची हलकी सर आली, की आपण आधी ठिबक बंद करतो. खारवटलेल्या रानात ते चालूच ठेवावे, कारण ती सर पट्ट्यावरचे क्षार विरघळवून मुळांकडे नेते आणि ठिबकाचे पाणी त्यांना तिथे शिरू देत नाही.