आईच माझी डूला!

प्रेझेंटेशन असो की वीकेंड ट्रिप, तयारीशिवाय आपण घराबाहेर पडत नाही. मग डिलिव्हरीचंच तेवढं ‘होईल ते होईल’ का? पहिल्या बाळंतपणासाठी मी पुण्याहून माहेरी, बुलढाणा जिल्ह्यातल्या खामगावला निघाले, तेव्हा बॅगेत लोकरीच्या गुंड्यांसोबत पुस्तकंही होती.

वाचता वाचता ‘डूला’ भेटली. बाळंतपणात सतत सोबत राहणारी, कंबर चोळणारी, धीर देणारी प्रशिक्षित बाई. ती सुईण नव्हे. तपासणी, औषधं डॉक्टर-नर्सकडेच. २०१७च्या कॉक्रेन आढाव्यात १५ हजारांहून जास्त बायकांचा अभ्यास होता. अशी सोबत मिळालेल्यांच्या कळा थोड्या लवकर आटोपल्या, सिझेरियनही कमी झाली.

गावात अशी कुणी मला सापडली नाही. आईला सांगितलं, तर ती गप्पच झाली. मग म्हणाली, ‘‘माह्या वेळी आत कोणीच नव्हतं, माय. भितीकडे पाहत कळा सोसल्या म्या.’’ इतक्या वर्षांत हे ती पहिल्यांदाच बोलली होती!

झालं, आमचा क्लास सुरू. दुपारची जेवणं आटोपली की मी वाचायचे, ती ऐकायची. गर्भपिशवीचं तोंड ५ सेंटिमीटर उघडेपर्यंत बराच वेळ लागू शकतो, म्हणून आधीच घाबरायचं नाही, हे तिला पाठ झालं.

पहिल्या दवाखान्यात उत्तर मिळालं, ‘आत कोणी चालणार नाही.’ आम्ही दुसरा शोधला. खरं तर सरकारी दवाखान्यांत बाळंतिणीजवळ एका नातेवाईक बाईला थांबू द्यायला केंद्राने २०१६मध्येच परवानगी दिलीय. कितीजणींना ठाऊक आहे?

कळा पहाटे सुरू झाल्या. नवरा अजून गाडीतच. अकराव्या तासाला मी ओरडले, ‘‘बस्स! ऑपरेशन करा!’’ आईने हात घट्ट धरला. ‘‘माह्याकडे पाह्य. श्वास सोड.’’ सोडला. पुन्हा सोडला. तासाभरात लेक आली.

नातीला मांडीवर घेऊन आई एवढंच म्हणाली, ‘‘या खेपेला भितीकडे नाही पाहिलं कोणी.’’

सातव्या महिन्यातच विचारा
- लेबर रूममध्ये सोबत कोण थांबू शकेल?
- कळांमध्ये चालता-फिरता येईल का?
- सिझेरियनचा निर्णय कधी, कशावरून घेता?
- रात्री गाडीची सोय नसेल तर? (१०८ नंबर सेव्ह आहे ना?)