सगळी अंडी एकाच टोपलीत?

विहारातल्या रविवारच्या अभ्यासवर्गात नववीतल्या एका मुलीने विचारले, "काका, 'डोन्ट पुट ऑल युवर एग्ज इन वन बास्केट' म्हणजे काय हो?" शब्दशः अर्थ सोपा. सगळी अंडी एकाच टोपलीत ठेवू नका. टोपली पडली की एकही अंडे हाती लागत नाही. पण हे वाक्य अंड्यांसाठी फारसे कोणी वापरत नाही. जिथे जोखीम, तिथे ते चालते. मुलगा वर्षानुवर्षे एकाच स्पर्धा परीक्षेच्या मागे आहे, दुसरीकडे अर्जच करीत नाही, तर त्यालाही हेच सांगावे.

मुलीला अर्थ सांगितला खरा, पण आम्हाला आठवल्या वस्तीतल्या एक वहिनी. पती सफाई खात्यात होते. ते वारल्यावर फंडाची जी रक्कम आली, ती सगळी त्यांनी एका पतसंस्थेत ठेवली. व्याज बँकेपेक्षा दोन टक्के जास्त. त्याआधी त्या विचारायला आल्या होत्या, "भावजी, तुम्ही शिकलेले. ठेवू का?" आम्ही बी.कॉम. झालेले कारकून! व्याजाचा आकडा पाहिला आणि "ठेवा" म्हणालो. दोन वर्षांत संस्थेला कुलूप लागले. पोराची फी व्याजाने पैसे काढून भरावी लागली. वहिनी आजही आम्हाला चहा देतात, त्या रकमेचा विषय काढत नाहीत.

तेव्हा सांगायला हवे होते ते असे. बँकेतल्या ठेवीला विमा असतो. ४ फेब्रुवारी २०२० पासून त्याची मर्यादा १ लाखावरून ५ लाख रुपये झाली. त्यात मुद्दल आणि व्याज दोन्ही आले. एकाच बँकेच्या दोन शाखांत पैसे ठेवले तरी टोपली एकच, कारण हिशेब बँकेमागे होतो. पतसंस्थेच्या ठेवीला हा विमा नाही. पोस्टातल्या बचतीमागे सरकार असते. आणि बँक म्हणजे अडचण नाहीच असेही नव्हे. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा खातेदारांना सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढता येत होते.

तथागतांनी सिगालोवाद सुत्तात गृहस्थाला कमाईचे चार भाग करायला सांगितले आहे: एक उपभोगाला, दोन कामधंद्याला, चौथा अडचणीसाठी राखून. ज्याच्या घरी दोनच अंडी, त्याने चार टोपल्या कुठून आणाव्यात, हा प्रश्न उरतोच.

वहिनींची मुलगी आता कमावते. परवा ती पगार घेऊन आमच्याकडे आली. थोडे पोस्टात, थोडे बँकेत असे ठरले. वहिनी म्हणाल्या, "भावजी, थोडे डब्यातही राहू द्या."