ऑफिसात माझा पोपट झाला!

गेल्या महिन्यात मीटिंगच्या आधी मोबाइल चुकून कॉन्फरन्स रूमच्या स्पीकरला जोडला गेला आणि प्रल्हाद शिंदे सुरू. फुल व्हॉल्यूम! "हे काय, गावची जत्रा?" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. मीही हसले आणि म्हणाले, "आपोआप लागलं रे." धडधडीत खोटं.

मी शहापूरची, रोज आसनगाव लोकलने मुंबई गाठणारी. मामाचं गाव मुरबाड तालुक्यात. तिकडची हळद, गणपती, वरात या आवाजाशिवाय झालेली मला आठवत नाही. म्हसा यात्रेतून बाबांनी एकदा घोंगडीसोबत त्यांची कॅसेटही आणली होती. ती घासून घासून संपली.

आता या माणसाचा करिअर ग्राफ बघा. जन्म १९३३ चा, मंगळवेढ्याचा. आई-वडिलांसोबत गात गात गाणं शिकले. पुढे इस्माईल आझाद यांच्या कव्वाली पार्टीत कोरसला उभे राहिले. मग स्वतःचं नाव, रेकॉर्ड्स, कॅसेट्स. विठ्ठलाची भक्तिगीतं, बाबासाहेबांची भीमगीतं, कव्वाली, गळा एकच! २३ जून २००४ ला ते गेले. मुलगे आनंद आणि मिलिंद यांनी लोकगीतं घरोघरी नेली. आणि 'दुनियादारी'तलं 'देवा तुझ्या गाभाऱ्याला' आठवतंय? २०१३ मध्ये ते गाणारा आदर्श शिंदे म्हणजे प्रल्हाददादांचा नातू. मला हसणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या मोबाइलमध्ये ते गाणं आहे, बरं का!

पण त्यांना कशाला नावं ठेवू? २०१६ मध्ये बॉब डिलनला नोबेल मिळालं, तेव्हा कॉलेजात मी 'फोक म्हणजे लोकांचं गाणं' असं चार पानी असाइनमेंट लिहिलं होतं. त्यातले लोक अमेरिकेचे. कल्याण-मुरबाड रोडवरचे एकदाही आले नाहीत. डिलन म्हणजे 'फोक' आणि आपले शिंदे म्हणजे 'लाउडस्पीकर'! लाज गाण्याची नव्हतीच, मी कुठून आले त्याची होती.

परवा टीम लंचला गाणं मुद्दाम लावलं. "कुणी लावलं?" "मी." दोन-तीन भुवया वर गेल्या. कोपऱ्यात डबा खाणारे अकाउंट्सचे काका मात्र मान डोलवत म्हणाले, "आमच्या मंगळवेढ्याचे ते. आवाज वाढव गं जरा."

वाढवला.