स्फटिकातले दोष

घाटनांदूर बालाघाटच्या ज्या पठारावर वसले आहे, ते काळ्या कातळाचे आहे. दख्खनच्या या कातळात पोकळ्या असतात आणि त्यांत चमकदार खडे सापडतात. सरसकट आपण त्यांना गारगोट्या म्हणतो. पण काही खडे कॅल्साइटचे असतात. ओळख सोपी आहे. गारगोटीवर चाकूचा ओरखडा उठत नाही, कॅल्साइटवर उठतो.

कॅल्साइट काय किंवा आपले मीठ काय, दोन्ही विद्युतभारित कणांचे, म्हणजे आयनांचे, स्फटिक. मिठात एक सोडियमचा कण, शेजारी एक क्लोरीनचा, अशी रांग असते. एक मिलिमीटरच्या खड्याच्या एका कडेवर असे सुमारे 35 लाख कण बसतात! एवढ्या पंगतीत एखादे पान चुकीचे पडणारच. त्यालाच दोष म्हणतात.

एक दोष जुळेपणाचा. कॅल्साइटच्या बोथट कडेवर सुरीचे पाते बेताने दाबले, तर तुकडा न फुटता त्याचा काही भाग कलतो. थरामागून थर थोडाथोडा सरकतो आणि तो भाग उरलेल्या भागाचे जणू आरशातले प्रतिबिंब होऊन बसतो. बाउमहाउअर यांनी 1879 साली हा प्रयोग प्रसिद्ध केला. मधली सीमा म्हणजे दोन घरांची सामाईक भिंत म्हणा ना! जमिनीखाली दाबल्या गेलेल्या संगमरवरातही अशा जुळ्या पट्ट्या दिसतात, आणि त्यांवरून भूशास्त्रज्ञ जुन्या दाबाचा अंदाज बांधतात.

दुसरा दोष रिकाम्या जागेचा. मीठ तापवले, की अशा जागा वाढतात. शेजारचा कण तिथे उडी घेतो, त्याची जागा मोकळी होते. आणि असे होता होता घट्ट मिठातूनही थोडी वीज वाहते. क्लोरीनच्या रिकाम्या जागी इलेक्ट्रॉन अडकला, तर पांढरे मीठ पिवळसर दिसू लागते.

आता याचा उपयोग काय, असे तुम्ही विचाराल. क्ष-किरणांच्या खोलीत काम करणारी माणसे छातीवर बिल्ला लावतात. आपल्या देशात अशा बिल्ल्यांसाठी कॅल्शियम सल्फेटच्या चकत्या वापरतात. त्यांत डिस्प्रोशियम मुद्दाम मिसळलेले असते. किरण लागले, की सुटलेले इलेक्ट्रॉन स्फटिकातल्या दोषांपाशी अडकून राहतात. पुढे चकती तापवली, की ते सुटतात आणि प्रकाश पडतो. जितका प्रकाश अधिक, तितके लागलेले किरण अधिक. स्फटिक अगदी निर्दोष असता, तर त्या माणसाच्या अंगावर काय पडले याची नोंद त्यात उरलीच नसती.