चार तारांचा पडदा, दोन बटणांचा कारभार

मानोरा हे वाशीम जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. सोयाबीन, तूर, कापूस ही इथली पिकं. ही पिकं साठवलेल्या गोदामातल्या हवेचं तापमान आणि दमटपणा सतत नोंदवायचा असेल, तर रास्पबेरी पाय हा छोटा संगणक त्या कामाला पुरतो. मुलांनी प्रोग्रॅमिंग शिकावं म्हणून केंब्रिजमध्ये घडलेला हा बोर्ड २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीला आला. पण त्याला ना पडदा, ना कीबोर्ड. आत काय चाललंय हे पाहायला मॉनिटर तरी हवा, नाहीतर लॅपटॉप आणि नेटवर्क.

यावर उपाय म्हणजे ०.९६ इंची ओएलईडी पडदा. आडवे १२८ आणि उभे ६४ ठिपके, आणि जोडायला तारा चारच. बोर्डाच्या पिनांपैकी पहिलीवरून ३.३ व्होल्ट, सहावीवरून ग्राउंड, तिसरी डेटाची, पाचवी क्लॉकची. डेटा आणि क्लॉकच्या याच दोन तारांवर दमटपणा मोजणारा सेन्सरही बसतो, कारण प्रत्येक उपकरणाचा पत्ता वेगळा असतो. मराठी अक्षरं उमटवता येतात. मात्र मात्रा, उकार आणि जोडाक्षरांना उंची लागते, म्हणून तीनच ओळी ठेवाव्यात.

बटण त्याहून सोपं. एक पाय पिनेला, दुसरा ग्राउंडला. दाबताच पिनेवरच्या एकाचा शून्य होतो. धातूचे संपर्क क्षणभर थरथरतात आणि एक दाब अनेक वाटतो, म्हणून प्रोग्रॅमनं काही मिलिसेकंद थांबावं. पिनेला पाच व्होल्ट कधीच देऊ नयेत. बोर्ड जळू शकतो.

एक बटण पडद्यावर दिसणारे आकडे बदलायला, दुसरं संगणक रीतसर बंद करायला. हे दुसरंच जास्त मोलाचं. लेखन चालू असताना लाईन गेली की मेमरी कार्डावरच्या फायली बिघडू शकतात. बॅटरीचा आधार आणि हे बटण असेल, तर गोदामाचा शिपाईसुद्धा नोंदी वाचवू शकतो.

अशा गोष्टी हातानं करत शिकण्याची वाट महाराष्ट्राला नवी नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम उभा केला. पुढे अमेरिकेतल्या एमआयटीच्या साथीनं तिथं फॅब लॅब, म्हणजे वस्तू घडवण्याची प्रयोगशाळाही आली. शाळेच्या कपाटात असा बोर्ड पडून असेल, तर शिक्षकांनी तो बाहेर काढावा आणि मुलांकडून सगळ्यात आधी बंद करण्याचं बटण जोडून घ्यावं.